पन्नास हर्ट्झची राखण

आपल्या घरातील दिवा कोयनेच्या पाण्यावर लागला की चंद्रपूरच्या कोळशावर, याचा विचार क्वचितच कोणी करीत असेल; परंतु ते पाणी, तो कोळसा आणि देशातील इतर सर्व लहानमोठी विद्युत्केंद्रे ही एकाच लयीने, म्हणजे सेकंदास पन्नास आवर्तने या गतीने, वीज निर्माण करीत असतात, आणि 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी जोडली जाऊन दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्यात सामील झाले, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी ही लय अक्षरशः एकच झालेली आहे. मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणभर जरी बिघडला तरी त्याची वर्दी सर्वप्रथम ही वारंवारताच देते. निर्मिती कमी पडली की फिरत्या यंत्रांच्या जडत्वात साठलेली ऊर्जा खर्ची पडू लागते, यंत्रे मंदावतात आणि वारंवारता उतरते. मोठा भार एकाएकी सुटला की ती चढते. आपल्या ग्रिड संहितेने 49.90 ते 50.05 हर्ट्झ एवढाच पट्टा निर्वेध मानलेला आहे. त्याच्याही खाली ती घसरतच राहिली तर काही फीडर, म्हणजे उपकेंद्रातून वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या, आपोआप तोडून उरलेले जाळे वाचवावे, अशी तजवीज 49.4, 49.2, 49.0 आणि 48.8 हर्ट्झ या चार पायऱ्यांनी केलेली असून ती अमलात आणण्याचे काम उपकेंद्रातील पॅनेलवर बसविलेल्या एका लहानशा उपकरणाकडे, म्हणजे अंडर-फ्रिक्वेन्सी रिलेकडे, असते.

हे काम आता काही शे रुपयांत मिळणाऱ्या मायक्रोकंट्रोलरवर उभारलेल्या रिलेकडे निर्धास्तपणे सोपवावे काय, या प्रश्नावर जाणत्या माणसांत दोन पक्ष आहेत. त्यांची बाजू नीट मांडली जावी म्हणून मी ती एका मामाच्या आणि त्याच्या भाचीच्या तोंडी घातली आहे. मामांची उभी हयात विद्युत मंडळाच्या रिले-चाचणी शाखेत गेली. भाची अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकविते आणि तिचे विद्यार्थी असे रिले स्वहस्ते बनवितात. ही दोन माणसे कल्पित आहेत. त्यांची मते मात्र कल्पित नाहीत, आणि माझा स्वतःचा कल कोणीकडे आहे तेही मी लपवून ठेवणार नाही.

भाची : मामा, मला तर हा प्रश्नच अनाठायी वाटतो. वारंवारता मोजणे म्हणजे अखेर वेळ मोजणे, आणि वेळ मोजण्यात या चिपेचा हात धरील असे दुसरे काही नाही. आमच्या प्रयोगशाळेत मुले काय करतात ते सांगते. पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरकडून आलेले 110 व्होल्ट आणखी उतरवून ते कम्पॅरेटरला द्यायचे. तरंग शून्य ओलांडून वर गेला की कम्पॅरेटरची पातळी चटकन बदलते आणि त्याच कडेवर चिपेतल्या टायमरचा आकडा टिपला जातो. 8051 जातीच्या चिपेला 12 मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक लावला की तिचा टायमर बरोबर एका मायक्रोसेकंदास एक आकडा पुढे सरकतो. पन्नास हर्ट्झला दोन कडांमधले अंतर 20,000 भरते, 49.4 ला 20,243, आणि 49 ला 20,408. एका आकड्याची चूक झाली तरी वारंवारतेत फरक पडतो तो अवघा अडीच सहस्रांश हर्ट्झचा. याहून अधिक खातरजमा कोणाला हवी असेल?

मामा : मोजमापाच्या अचूकतेविषयी माझी तक्रार कधीच नव्हती. मी नोकरीला लागलो तेव्हा पॅनेलवर इंडक्शन-कपाचे रिले होते. दोन गुंडाळ्या, एकीच्या वाटेत कपॅसिटर, मध्ये ॲल्युमिनियमचा कप; वारंवारता ठरल्या मर्यादेखाली गेली की कपावरच्या पिळाची दिशा उलटायची आणि संपर्क मिटायचे. उन्हाळ्यात त्यांचे सेटिंग सरकायचे, धुळीने ते सुस्त व्हायचे, हे सगळे मी पाहिले आहे आणि त्यांचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. पण तुझ्या प्रयोगशाळेतला तरंग निर्मळ असतो, उपकेंद्रातला नसतो. शेजारचा ब्रेकर उघडला, कुठे वीज कोसळली, कपॅसिटर बँक चालू केली, की तरंग शून्याजवळ थरथरतो आणि एकाच्या जागी तीन वेळा शून्य ओलांडतो. तुझी चिप इमानाने तिन्ही मोजील. जवळच्या वाहिनीवर शॉर्ट सर्किट झाले की व्होल्टेजची कला (फेज) एकदम उडी मारते, आणि त्या एका आवर्तनापुरता कालावधी लांबल्यासारखा दिसतो. मग जो रिले वारंवारतेच्या घसरणीचा वेग पाहून चालतो, त्याला वाटेल की जाळे कोसळते आहे, आणि ज्या घटकेला जाळ्याला काहीही झालेले नाही त्या घटकेला तो दहा गावांचा फीडर तोडून मोकळा होईल.

भाची : त्यावर इलाज आहेत, आणि ते आम्ही शिकवितो. कम्पॅरेटरला थोडे हिस्टेरेसिस द्यायचे, म्हणजे थरथर त्याला दिसतच नाही. त्याच्या आधी फिल्टर ठेवायचा. आधीच्या कडेनंतर पंधरा मिलिसेकंदांच्या आत दुसरी कड आली तर ती नाकारायची. सलग पाचसहा आवर्तने मर्यादेखाली गेल्याशिवाय ट्रिपचा, म्हणजे ब्रेकर उघडण्याचा, हुकूम द्यायचा नाही, आणि व्होल्टेज फारच पडले असेल तर वारंवारतेच्या मापावर मुळीच विश्वास ठेवायचा नाही. शिवाय शून्य मोजणे ही पहिल्या इयत्तेची रीत झाली. तरंगाचे नमुने घेऊन त्यांतून फेजर, म्हणजे तरंगाचा आवाका आणि कला दाखविणारा फिरता बाण, काढायचा आणि तो किती वेगाने फिरतो त्यावरून वारंवारता ठरवायची, ही खरी रीत. अमेरिकेत अरुण फडके यांनी थॉर्प आणि ॲडमियाक यांच्याबरोबर 1983 मध्ये लिहिलेल्या निबंधात व्होल्टेजचा फेजर, स्थानिक वारंवारता आणि तिच्या बदलाचा वेग या तिन्हींची मोजणी एकाच गणिताच्या सूत्रात गुंफलेली आहे. त्यापूर्वी 1969 मध्येच रॉकफेलर यांनी संगणकाने वाहिन्यांचे संरक्षण करण्याची पूर्ण रूपरेषा मांडली होती. तेव्हा ही कल्पना काल जन्मलेली नाही. त्या काळी तिला अख्खा संगणक लागत होता, आज तीच कल्पना मुलाच्या खिशात मावते, एवढाच बदल झाला.

मामा : फडक्यांचे काम मला ठाऊक आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण तू सांगितलेला प्रत्येक इलाज वेळ खातो, हे तू मुलांना सांगतेस का? कागद घे. जाळ्यातल्या यंत्रांच्या जडत्वात त्यांच्या पूर्ण क्षमतेने पाच सेकंद पुरेल इतकी ऊर्जा आहे असे धर, आणि एकाएकी एक दशांश निर्मिती गेली असे धर. घसरण किती वेगाने सुरू होईल?

भाची : सेकंदाला अर्धा हर्ट्झ.

मामा : म्हणजे पन्नासावरून एकोणपन्नासावर यायला दोन सेकंद. जुन्या काळी जाळ्यात सगळी अवजड यंत्रे होती म्हणून दोन सेकंद तरी मिळत. आता दुपारच्या वेळी सौर ऊर्जेचा वाटा वाढला आणि तिच्या इन्व्हर्टरला जडत्व नाही. ती पाच सेकंदांची पुंजी अडीचवर आली तर तेच अंतर एका सेकंदात संपेल. त्यातले सहा आवर्तनांचे एकशेवीस मिलिसेकंद तुझ्या खातरजमेला, ब्रेकर उघडायला साठ ते शंभर, मधल्या मदतनीस रिलेला आणखी काही. उतावीळ रिले चुकीचे तोडतो आणि सावध रिले उशिरा तोडतो. या दोहोंच्या मध्ये पाऊल कुठे ठेवायचे हे चिप सांगत नाही. ते माणसाने ठरवायचे असते, आणि ठरविले ते का ठरविले याचा कागद दफ्तरात ठेवायचा असतो.

या ठिकाणी मला मध्ये बोलणे भाग आहे, कारण एखाद्या हर्ट्झच्या घसरणीने असे काय बिघडते, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वाफेच्या टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातील पाती सर्वांत लांब असतात. त्यांची स्वतःची एक कंपनसंख्या असते, आणि यंत्राची गती ठरलेल्या आकड्यापासून फार ढळली तर ती पाती अनुनादात सापडून त्यांच्या धातूला थकवा येतो. हा थकवा भरून निघत नाही, तो आयुष्यभर साठत जातो, म्हणून 47.5 हर्ट्झच्या आसपास यंत्रे स्वतःला वाचविण्यासाठी जाळ्यातून बाहेर पडतात. दुसरे असे की, औष्णिक केंद्रातील बॉयलरला पाणी पुरविणारे पंप आणि हवा फुंकणारे पंखे हेदेखील त्याच विजेवर चालतात. वारंवारता उतरली की ते मंदावतात, ते मंदावले की वाफ कमी होते, वाफ कमी झाली की निर्मिती आणखी घटते, आणि ज्या केंद्राने जाळे सावरावयाचे तेच ते खाली ओढू लागते. 9 नोव्हेंबर 1965 रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात बुडाला, त्याचा आरंभ नायगाराजवळच्या एका केंद्रातील चुकीच्या सेटिंगच्या रिलेपासून झाला होता; वारंवारता उतरताच आपोआप भार कमी करण्याची व्यवस्था सर्वत्र रुजली ती या आघातानंतर. एका रिलेने घात केला, आणि त्यावर उतारा म्हणून आणखी हजारो रिले बसविण्यात आले, ही गोष्ट दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

भाची : मामा, तुमच्या पिढीच्या कागदांविषयी मला आदर आहे, पण 2012 सालच्या जुलै महिन्यात त्या कागदांनी काय केले? 30 तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर वाहिनी तुटली आणि उत्तरेचे जाळे गेले. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी एक वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी गेली आणि साठ कोटींहून अधिक लोक अंधारात राहिले. वारंवारता घसरली तर हजारो मेगावॅट भार आपोआप सुटेल, असे राज्याराज्यांनी लिहून दिलेले होते. चौकशी समितीला काय आढळले? त्या रिलेंकडून मिळावयास हवा होता तेवढा दिलासा मिळालाच नाही. ते रिले मायक्रोकंट्रोलरचे असोत वा नसोत, ते जिवंत आहेत की मेलेले हे ज्याने त्याने पाहावयाचे होते, ते कोणी पाहिले नव्हते. माझा रिले स्वतःहून सांगतो. प्रोग्राम कुठे अडकला तर वॉचडॉग टायमर त्याला पुन्हा सुरू करतो, प्रत्येक घसरणीची तारीख, वेळ आणि आकडे तो स्मृतीत लिहून ठेवतो, आणि तो बंद पडला तर मुख्यालयात दिवा लागतो.

मामा : 2012 ची कैफियत तू बरोबर मांडलीस आणि त्यावर मी काही बचाव करणार नाही. ती कसूर आमच्याच खात्याची, आमच्याच पिढीची. पण रिले जिवंत असणे आणि संरक्षण जिवंत असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मी तुला एका प्रसंगावरून सांगतो. एका उपकेंद्रात चाचणीसाठी गेलो होतो. रिले नवा, डिजिटल, त्याच्या दर्शनी पडद्यावर हिरवा दिवा, वारंवारतेचा आकडा दर सेकंदाला बदलतो आहे. चाचणी-संच जोडला, शतांश हर्ट्झच्या टप्प्याने वारंवारता खाली आणली. ठरलेल्या जागी रिले चालला, त्याचे संपर्क मिटले, पडद्यावर ट्रिप उमटले. सोबतचे सगळे खूश. मी म्हटले, आता प्रत्यक्ष ब्रेकर उघडून दाखवा. फीडरवरच्या लोकांना सूचना देऊन, मुदत घेऊन पुन्हा चाचणी केली, तर ब्रेकर जागचा हलेना. पॅनेलच्या मागच्या बाजूला वाकून पाहिले, तेव्हा टर्मिनल पट्टीवरची ट्रिपची लिंक उघडी. आधीच्या चाचणीच्या वेळी कोणीतरी ती सावधगिरीने उघडली होती आणि परत लावायची राहून गेली होती. इतके महिने तो रिले रोज न चुकता सांगत होता की मी ठीक आहे. आणि तो खरेच ठीक होता.

भाची : ट्रिप कॉइलच्या मंडलातून बारीक प्रवाह सतत सोडून ते अखंड आहे की नाही हेही चिप पाहू शकते.

मामा : पाहू शकते, आणि पाहावेच. ते तुझ्या मुलांच्या रिलेमध्ये आहे का?

भाची : सगळ्यांत नाही.

मामा : आणि त्यांचा वीजपुरवठा?

भाची : बहुतेकांचा भिंतीतल्या प्लगवरून.

मामा : म्हणजे ज्या विजेची राखण करायची त्याच विजेवर राखणदार जगतो आहे. व्होल्टेज कोसळू लागले की चिप रीसेट होणार, आणि नेमक्या त्या अर्ध्या सेकंदात ती पुन्हा पहिल्यापासून प्रोग्राम वाचत बसणार. उपकेंद्रात बॅटरीची 110 किंवा 220 व्होल्टची डीसी असते ती याचसाठी. तुझा रिले त्या बॅटरीवर चालला पाहिजे, त्या बॅटरीवर येणारे झटके त्याने सोसले पाहिजेत, आणि चिप व ट्रिपचे मंडल यांच्यामध्ये ऑप्टोकपलरची भिंत पाहिजे; कारण ट्रिप कॉइलचा प्रवाह तुटतो तेव्हा ती कॉइल उलटा तडाखा देते. पाचशे रुपयांची चिप उपकेंद्रात उभी राहीपर्यंत तिच्याभोवती पाच हजारांचे संरक्षण लागते, आणि तो खर्च वाचवावा असा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

भाची : हे मी मान्य करते, आणि पुढच्या वर्षापासून बॅटरीवर न चालणारा रिले मी तपासायलाच घेणार नाही. पण तुमच्या बोलण्यातून असे ध्वनित होते की सगळा दोष चिपेच्या भोवतालचा आहे, चिपेचा नाही. मग हरकत कशाला आहे?

मामा : हरकत प्रोग्रामला आहे. कप फिरतो तो मला दिसतो. प्रोग्राम काय करणार ते ज्याने लिहिला त्यालाच ठाऊक, आणि काही वेळा त्यालाही नाही. 2016 च्या सप्टेंबरात दक्षिण ऑस्ट्रेलियाचे काय झाले ते वाचले आहेस ना? वादळाने वाहिन्यांवर एकामागून एक बिघाड होत गेले, आणि अनेक पवनकेंद्रांच्या प्रोग्राममध्ये एक अट होती की इतक्या वेळा व्होल्टेजचा खड्डा आला की निर्मिती कमी करावी. ही अट जाळे चालविणाऱ्या संस्थेला माहीतच नव्हती. मिनिटभराच्या आत शेकडो मेगावॅट गळाले, शेजारच्या राज्याकडून येणारी वाहिनी त्या ओझ्याने तुटली, आणि त्यानंतर वारंवारता इतक्या वेगाने, सेकंदाला सुमारे सहा हर्ट्झ, कोसळली की भार तोडणाऱ्या रिलेंना आपले काम करायला अवधीच उरला नाही. सारे राज्य अंधारात गेले. यंत्रे बिघडली नव्हती. त्यांना सांगितले होते तेच त्यांनी केले.

भाची : मग 9 ऑगस्ट 2019 चे इंग्लंडही पाहा. वीज कोसळली, त्यापाठोपाठ एक समुद्री पवनकेंद्र आणि एक वायुकेंद्र अशी दोन्ही जाळ्यातून सुटली, वारंवारता 48.8 पर्यंत आली, आणि त्याच घटकेला तिथल्या रिलेंनी सुमारे पाच टक्के भार, म्हणजे दहा लाखांहून अधिक ग्राहक, तोडून पाचच मिनिटांत जाळे पन्नासावर आणले. रिलेंनी देश वाचविला, मामा.

मामा : वाचविला, हे खरे. पण त्याच दुपारी घसरणीचा वेग मोजणाऱ्या दुसऱ्या रिलेंनी, आपण मूळ जाळ्यापासून तुटलो असा ग्रह करून, गावोगावची सुमारे साडेतीनशे मेगावॅट निर्मिती बंद केली आणि खड्डा आणखी खोल केला. कारण त्यांचे सेटिंग जडत्व भरपूर होते त्या काळचे होते. आणि लंडनच्या आगगाड्या? त्यांच्यातल्या प्रोग्रामने वारंवारता 49 च्या खाली गेलेली पाहून गाड्या थांबविल्या, आणि त्यांतल्या कित्येक गाड्या चालकाला पुन्हा सुरू करता येईनात. तंत्रज्ञ लॅपटॉप घेऊन गाडीगणिक पोहोचेपर्यंत माणसे तासन्‌तास डब्यांत अडकून पडली. जाळे पाच मिनिटांत सावरले आणि माणसे रात्री घरी पोहोचली. चिपेत लिहिलेली एक ओळ, जिचा विचार वर्षानुवर्षे कोणी केला नव्हता, ती त्या दिवशी लाखोंच्या वाट्याला आली.

मामांचा हा मुद्दा मला या साऱ्या वादात सर्वांत वजनदार वाटतो. त्याला एक पुस्ती जोडणे अवश्य आहे. 2007 मध्ये अमेरिकेतील आयडाहो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने एक प्रयोग केला. त्यात एका डिझेल जनित्राचा ब्रेकर त्याच्या डिजिटल रिलेवाटे, दुरूनच, चुकीच्या क्षणी पुनःपुन्हा उघडला व मिटविला गेला आणि ते अवजड यंत्र धुराच्या लोटात निकामी झाले. ज्या रिलेला दुरून सेटिंग बदलण्याची सोय आहे, त्याला दुरून घात करण्याचीही वाट आहे. म्हणून भाचीच्या विद्यार्थ्यांनी रिलेला मोबाईलवरून सेटिंग बदलण्याची युक्ती जोडली असेल तर त्यांनी ती काढून टाकावी. वाचणे दुरून होऊ द्यावे, लिहिणे पॅनेलपाशी उभे राहूनच व्हावे.

भाची : मामा, आता मी एक प्रश्न विचारते, आणि त्याचे उत्तर तुमच्या कपाच्या रिलेकडे नाही. आपल्याकडे शेतीचे फीडर वेगळे केले गेले, आणि त्यांच्यावर सौर प्रकल्प बसत आहेत. गावातल्या आणि शहरातल्या छपरांवरही बसत आहेत. दुपारी बारा वाजता एखाद्या फीडरवर भारापेक्षा निर्मिती अधिक असेल, तर तो फीडर उपकेंद्राला वीज देत असतो. त्या वेळी वारंवारता घसरली आणि तुमच्या रिलेने, यादीत नाव आहे म्हणून, तोच फीडर तोडला, तर जाळ्याचा भार कमी होण्याऐवजी निर्मितीच कमी होईल आणि घसरण वाढेल. कपाला हे कळणार नाही. माझी चिप प्रवाहाची दिशा पाहू शकते, फीडर या क्षणी घेतो आहे की देतो आहे हे ओळखू शकते, आणि देत असेल तर त्याला वगळून पुढचा फीडर निवडू शकते.

मामा : हे मात्र मला आधी सुचले नव्हते. दिशा पाहूनच तोडले पाहिजे, आणि ते काम चिपेखेरीज होणार नाही. तुझे बरोबर आहे.

भाची : आणखी एक. भारनियमनाच्या काळापासून तुम्ही पाहत आला आहात, यादीत पहिली नावे कोणाची असतात?

मामा : खेड्यांची आणि शेतीची. रुग्णालय, पाणीपुरवठा, रेल्वे ही वगळावीच लागतात. पण त्यानंतरचा क्रम बहुधा ज्याची ओरड कमी त्याच्या गळ्यात पडतो. आम्ही एकदा लावलेले सेटिंग वर्षानुवर्षे बदलत नसू, कारण बदलायचे म्हणजे पॅनेल उघडायचे, चाचणी करायची, नवा दाखला घ्यायचा. त्यामुळे पहिल्या पायरीवरचे गाव कायमचे पहिल्या पायरीवर.

भाची : चिपेला पाळी लावता येते. या महिन्यात हा फीडर पहिल्या पायरीवर, पुढल्या महिन्यात दुसरा.

मामा : लावता येते, फक्त ती पाळी कोणी ठरविली आणि कोणाला विचारून, हे गावाला माहीत असले पाहिजे. नाहीतर पूर्वी अन्याय कागदावर तरी दिसत होता, आता तो प्रोग्रामच्या पोटात जाईल.

येथवर आल्यावर दोघांतील अंतर मुळात दिसत होते त्यापेक्षा पुष्कळच कमी आहे, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. उपकरणाइतकीच त्यामागची माणसांची तयारी महत्त्वाची, हे दोघांनाही मान्य आहे, आणि त्याचे दाखले आपल्याकडेच आहेत. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा बाहेरचा पुरवठा तुटल्यास शहराने स्वतःच्या निर्मितीवर तगावे यासाठी केलेली बेटाची योजना कित्येक वर्षांची जुनी होती; परंतु बेट तुटून अलग झाल्यावर त्यातली निर्मिती आणि त्यातला भार यांचा मेळ त्या दिवशी बसला नाही आणि लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. शहराचा भार वर्षागणिक बदलतो, योजना लिहिली जाते एकदा. याच्या उलट 5 एप्रिल 2020 च्या रात्री नऊ वाजता देशभर ठरवून दिवे मालवले गेले आणि काही मिनिटांत सुमारे 31,000 मेगावॅट मागणी नाहीशी झाली, तेव्हा वारंवारता 49.70 आणि 50.26 या मर्यादांतच राहिली. कारण भार किती उतरेल, कोणत्या जलविद्युत्‌ संचाने किती वेगाने माघार घ्यावी, हे भार प्रेषण केंद्रांतील माणसांनी आधी बसून ठरविले होते आणि त्या रात्री प्रत्येक जण आपल्या जागी हजर होता. उपकरणे दोन्ही दिवशी तीच होती.

माझे मत असे की मायक्रोकंट्रोलरवरचा रिले आपल्या उपकेंद्रांत यावा, आणि लवकर यावा. सौर ऊर्जेने जडत्व उतरत चालले असताना आणि फीडर उलट्या दिशेने वाहू लागले असताना जुन्या, आंधळ्या सेटिंगवर जाळे सोडणे यापुढे परवडणारे नाही. परंतु त्याला पहिल्याच दिवशी ट्रिपची मुखत्यारी देऊ नये. वर्षभर त्याला प्रचलित रिलेच्या शेजारी, फक्त पाहण्याच्या आणि नोंद करण्याच्या कामावर ठेवावे. जाळ्यात प्रत्यक्ष जे जे हेलकावे येतील त्यांत त्याने काय ठरविले असते आणि जुन्याने काय केले, याची नोंदवही ठेवावी. ती दोन्ही बाजूंनी तपासून, ज्यात तो चुकला ते सुधारून, मगच त्याच्या संपर्काची तार ट्रिप कॉइलला जोडावी. त्याचा प्रोग्राम, त्याची सेटिंग आणि ती तशी का ठेवली याचा खुलासा हे तिन्ही उपकेंद्राच्या दफ्तरात आणि राज्य भार प्रेषण केंद्रात दाखल असावेत. कोणत्याही कारखानदाराने हे माझे गुपित आहे असे म्हणू नये, आणि म्हटले तर त्याचा रिले घेऊ नये.

महाविद्यालयांतील अध्यापकांना माझी विनंती आहे की दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांकडून तोच रिले नव्याने बनवून घेण्याऐवजी त्यांनी जवळच्या वीज कंपनीच्या चाचणी शाखेशी लेखी करार करावा, आणि आपल्या प्रयोगशाळेतील एक रिले वर्षभर खऱ्या बॅटरीवर, खऱ्या पॅनेलवर चालवून दाखवावा. आणि वीज कंपन्यांना माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक उपकेंद्राच्या दारावर, अंडर-फ्रिक्वेन्सी रिलेची प्रत्यक्ष ब्रेकर उघडून केलेली शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली आणि त्या रिलेच्या पहिल्या पायरीवर कोणते फीडर आहेत, हे ग्राहकाला वाचता येईल अशा मराठीत लिहून लावावे.